‘अनाथ’ मूल आणि त्याची परिचर्या : महाराष्ट्रातील बालआश्रयगृहांचा ऐतिहासिक मागोवा (पेण-रोहा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासात अनाथाश्रम, बालकाश्रम व वसतिगृहे यांना मानाचे स्थान आहे. मात्र हे स्थान बहुधा संस्थापकांच्या चरित्रातील एका प्रकरणापुरते मर्यादित राहिले आहे. संस्था कोणत्या साली निघाली, जागा कोणी दिली, सनातन्यांनी विरोध कसा केला, या बाबी तपशिलाने नोंदविल्या गेल्या. परंतु त्या इमारतीत पहाटे मुलांना कोण उठवीत असे, तान्ह्या मुलाला दूध कोण पाजीत असे, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र कोण काढीत असे, याविषयी वार्षिक अहवाल प्रायः मौन पाळतात. वस्तुतः आश्रयगृह म्हणजे ही रोजची परिचर्याच होय. ती वजा केली तर केवळ एक इमारत आणि एक न्यास एवढेच शिल्लक राहते.

या परिचर्येचा मागोवा घेऊ लागताच दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ज्यांना ‘अनाथ’ म्हणून आश्रय देण्यात आला त्यांपैकी पुष्कळ मुलांची आई, वडील किंवा निकटचे आप्त हयात होते. दुष्काळ, वैधव्य, लोकलज्जा आणि कर्ज यांनी मूल व माता यांची ताटातूट केली होती. दुसरी अशी की, या मुलांना सांभाळणारी व्यक्ती अनेकदा स्वतःच घराबाहेर पडलेली, किंबहुना घराबाहेर काढली गेलेली स्त्री होती. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी मुलांचा प्रश्न या दोन गोष्टी लक्षात घेतल्यावाचून नीट समजत नाही. म्हणून प्रथम एकोणिसाव्या शतकातील पुणे, पंढरपूर व केडगाव येथील संस्थांचा विचार करून मग या परिसराकडे वळणे सोयीचे होईल.

‘अनाथ’ या शब्दाची व्याप्ती

‘अनाथ’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याला नाथ नाही तो, म्हणजे ज्याला कोणी धनी, पालक वा रक्षणकर्ता नाही असा. केवळ मृत आईबापांचे मूल असा संकुचित अर्थ त्यात नाही. त्यासाठी मराठीत ‘पोरका’ हा वेगळा शब्द आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ स्थापन केली, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने तरुण विधवा होत्या. त्यांच्यापैकी कित्येकींचे आईवडील, भाऊ, दीर हयात होते. तरीही त्या ‘अनाथ’ ठरल्या, कारण त्यांचा नाथ गेला होता आणि उरलेल्यांना त्यांचा भार वाटत होता.

पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या ‘अनाथ विद्यार्थी गृहा’ची कथाही याहून फार निराळी नाही. तेथील विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. त्यांतील अनेक मुले पोरकी असण्यापेक्षा निर्धन घरांतील होती. पुढे ही संस्था ‘पुणे विद्यार्थी गृह’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि कर्व्यांच्या संस्थेच्या नावातूनही ‘अनाथ’ शब्द गळाला. नावांतील हा बदल केवळ सोयीचा मानता येणार नाही. ज्यांना तो शब्द चिकटविला गेला होता त्यांना तो जन्मभर वागवावा लागत असे, याची जाणीव त्यामागे असली पाहिजे.

फुले दांपत्याचे बालहत्या प्रतिबंधक गृह

महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा प्रारंभ सामान्यतः १८६३ साली मानला जातो. या गृहाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा स्वतः जोतीरावांच्या लेखणीतून आला आहे. बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयीच्या टिपणांवर १८८४ च्या डिसेंबरात मत देताना त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत सांगितली. स्वयंपाकाचे काम करून उदरनिर्वाह करणाऱ्या या स्त्रीने लोकलज्जेस्तव आपले अर्भक मारून विहिरीत टाकले आणि तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानात पाठविण्यात आले. या घटनेनंतर आपण पत्नीच्या साहाय्याने हे गृह काढले, असे जोतीराव नमूद करतात. सावित्रीबाईंनी पुढे दत्तक घेतलेल्या यशवंताच्या आईचे नावही काशीबाई असेच सांगितले जाते, त्यामुळे या दोन स्त्रियांची गल्लत पुष्कळदा होते. त्या भिन्न होत्या, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

त्याच मतपत्रात जोतीरावांनी दिलेले आकडे मात्र क्वचितच चर्चिले जातात. गृह सुरू झाल्यापासून तोपर्यंत ३५ गर्भवती विधवा तेथे येऊन प्रसूत झाल्या. जन्मलेल्या मुलांपैकी केवळ ५ जिवंत राहिली व ३० दगावली. गर्भ पाडण्यासाठी मातांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे पोटातच इजा होऊन ही मुले मेली असावीत, असे कारण ते देतात. एखाद्या संस्थाचालकाने आपल्या कार्याचे अपयश इतक्या उघडपणे मांडल्याची उदाहरणे विरळ आहेत.

या आकड्यांकडे परिचर्येच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्या घरातील दिनक्रमाची कल्पना येते. ३५ बाळंतपणे, आणि त्यांतील बहुतेकींच्या शेवटी मृत वा मरणासन्न अर्भक. सुईणपण, शेक-शेगडी, बाळंतिणीचा आहार, मृत अर्भकाची विल्हेवाट, आणि या साऱ्याची बाहेर वाच्यता होऊ न देण्याची दक्षता, हे सर्व सांभाळावे लागले असणार. जोतीराव ‘पत्नीच्या साहाय्याने’ असे म्हणतात. प्रत्यक्षात प्रसूतिगृहाच्या उंबरठ्याआतील हे काम पुरुषाच्या साहाय्याचेही नव्हते. सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून केलेले कार्य सर्वज्ञात आहे. या अर्थाने त्या महाराष्ट्रातील संस्थात्मक बालपरिचर्येच्याही आद्य कार्यकर्त्या ठरतात. त्यांचा मृत्यूदेखील परिचर्येतच झाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

तीर्थक्षेत्र, दुष्काळ आणि टाकलेली मुले

पुण्यात जे घराच्या आड घडत होते ते पंढरपुरात उघड्यावर येत होते. यात्रेच्या गर्दीचा आश्रय घेऊन विधवा तेथे येत, प्रसूत होत आणि मूल मागे ठेवून जात. तेथे न्यायाधीश म्हणून नेमणुकीस असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली पंढरपूरचे बालहत्या प्रतिबंधक गृह उभे राहिले व मुंबईच्या प्रार्थनासमाजाने त्याची जबाबदारी घेतली. पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखला जाणारा बालकाश्रम तो हाच. गृह स्थापन झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. लोकलज्जेने टाकलेल्या मुलांबरोबर भुकेने टाकलेली मुलेही आता रस्त्यावर आली. याच दुष्काळात १८७७ साली सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालविला.

दुष्काळातील मुलांचा खरा विस्तृत अनुभव मात्र पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील संस्थेत दिसतो. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून केडगाव येथे शेतजमीन घेण्यात आली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व तरुण स्त्रिया घेऊन परतल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे निर्बंध कडक झाले आणि मुलींना केडगावच्या शेतावर हलविणे भाग पडले. मुक्ती सदन निर्माण झाले ते असे. त्यामागे योजनेपेक्षा निकडीचा हात अधिक होता. १८९९-१९०० च्या गुजरात व राजपुतान्यातील दुष्काळानंतर तेथील मुली व स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार जणींच्या वस्तीत परिचर्येचे स्वरूप कसे असेल? उपासमारीने खंगलेले मूल एकदम पोटभर जेवू शकत नाही. त्याला पातळ पेज थोडी थोडी, वारंवार द्यावी लागते. गोवर, डोळे येणे, खरूज, हगवण हे एकत्र राहणाऱ्या मुलांचे नेहमीचे शत्रू. दुष्काळात डोळे गमावलेल्या मुलींसाठी रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी स्वतः ब्रेल लिपी शिकून वर्ग सुरू केला. इतक्या मुलींसाठी पगारी सेविका नेमणे केवळ अशक्य होते. त्यामुळे मोठ्या मुलीने लहान मुलींचा गट सांभाळावयाचा, ही व्यवस्था अटळ ठरली. सूतकताई, विणकाम, तेलाचा घाणा, शेती, गोठा, छापखाना ही कामे मुली करीत आणि त्यांतील पुष्कळशी परिचर्येशी थेट जोडलेली होती. घाण्याचे तेल स्वयंपाकघरात जाई, गोठ्यातील दूध लहानग्यांना मिळे. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींच्या हातून छापले गेले. रमाबाईंच्या धर्मप्रसाराविषयी त्या काळी उठलेले वादंग सर्वश्रुत आहे. त्या वादात मुलींच्या पोटापाण्याचा तपशील दोन्ही बाजूंकडून झाकला गेला, हे अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक खेदकारक होय.

काळजी घेणारे हात

कर्वे यांचा आश्रम १९०० साली पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला तेव्हा तेथे एक साधी झोपडी होती. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून कर्वे रोज पायी हिंगण्यास जात, ही आठवण मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. परंतु दिवसभर आश्रमात कोण असे? या प्रश्नाचे उत्तर पार्वतीबाई आठवले यांच्या ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मवृत्तात सापडते. कोकणातील देवरुखच्या या स्त्रीला ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी लहान मुलगा होता. त्यांची बहीण गोदूबाई ही शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन ती आनंदीबाई झाली. पार्वतीबाई आश्रमात शिकण्यासाठी आल्या आणि स्वयंपाकघर, कोठी, मुलींची देखरेख अशा पायऱ्यांनी आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. पुढे वर्गणीसाठी त्या गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी पोट भरले. आश्रमातही घरकाम, परदेशातही घरकाम. फरक इतकाच की तेथे त्याचे रोख वेतन मिळत होते.

आश्रमाला जन्मभर वाहून घेणाऱ्या सेवक-सेविकांसाठी कर्व्यांनी १९०८ साली ‘निष्काम कर्ममठ’ स्थापन केला. ‘निष्काम’ हे विशेषण सूचक आहे. मुलांना न्हाऊ घालणे, जेवू घालणे, आजारात जपणे हे काम वेतनाने मोजण्याजोगे नसून व्रत म्हणून करावयाचे आहे, ही धारणा येथून संस्थाजीवनात रुजली. तिच्यामुळे असंख्य संस्था अत्यल्प पैशात चालल्या, हे खरे. पण परिचर्या हे कौशल्याचे व श्रमाचे काम आहे, त्याला प्रशिक्षण, विश्रांती व मोबदला लागतो, हा विचार मागे पडला, हेही तितकेच खरे. पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. बालकांच्या आश्रयगृहांपर्यंत ती वाट फारशी पोहोचली नाही.

‘सेविका’ हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत जसाच्या तसा आला. अंगणवाडी सेविकेला मिळते ते ‘मानधन’. तिला वेतन नसते. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. कर्ममठ आणि हा निर्णय यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

रिमांड होम ते बालगृह

धर्मादाय संस्थांच्या या प्रवाहाशेजारून एक दुसरा, सरकारी प्रवाह वाहत होता. त्याचे मूळ करुणेपेक्षा शिस्तीत होते. मुंबईचे डेव्हिड ससून सुधारगृह १८५७ सालचे. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने निराधार मूल व गुन्हा केलेले मूल यांना एकाच कायद्याच्या छत्राखाली आणले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. ‘रिमांड होम’ हा शब्द याच व्यवस्थेने मराठीला दिला. खेड्यापाड्यांतून आजही खोडकर मुलाला ‘रिमांड होममध्ये टाकीन’ अशी धमकी दिली जाते, यावरून या गृहांची लोकमानसातील प्रतिमा कळून येते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बालक अधिनियम, १९८६ चा बालन्याय अधिनियम, २००० व २०१५ चे त्याच विषयावरील कायदे अशी वाटचाल झाली. २००० च्या कायद्याने विधिसंघर्षग्रस्त बालक व काळजी-संरक्षणाची गरज असलेले बालक यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था केली. दुसऱ्या वर्गासाठी बालकल्याण समिती, बालगृह व आश्रयगृह या यंत्रणा आल्या. २००७ च्या आदर्श नियमांत तर २५ मुलांच्या शयनगृहाला एक हजार चौरस फूट जागा, सात मुलांमागे एक शौचालय, येथपर्यंत तपशील आहे. दैनंदिन जीवन प्रथमच कायद्याच्या मजकुरात उतरले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु चौरस फूट मोजता येतात. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला सकाळी कोण कसे वागविते, ते मोजता येत नाही.

बालक शक्यतो कुटुंबातच राहावे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व २०१५ च्या कायद्याने स्पष्टपणे स्वीकारले. केंद्र सरकारने केलेल्या पाहणीत देशभरातील ९,५८९ संस्थांची नोंद झाली. तिचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आई किंवा वडील यांपैकी एक जण हयात असलेल्या मुलांची संख्या त्यात अनाथ मुलांपेक्षा पुष्कळच अधिक आढळली. पंढरपूर व केडगावच्या इतिहासाशी परिचित असलेल्यास या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये.

पेण-रोहा परिसर : हंगामी पोरकेपण

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यात पेण व रोहा हे तालुके खाडी आणि डोंगर यांच्या मधोमध वसले आहेत. पेणच्या पश्चिमेस खारेपाट व मिठागरे, पूर्वेस सह्याद्रीच्या उतरणीवरील वाड्या. रोह्यात कुंडलिकेच्या काठची भातशेती व धाटावची औद्योगिक वसाहत, आणि वरच्या अंगाला पुन्हा जंगलपट्टा. या जंगलपट्ट्यात व गावांच्या कडेला कातकरी व ठाकूर समाजाच्या वस्त्या आहेत. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून मान्य केलेल्या तीन आदिवासी जमातींत कोलाम व माडिया गोंड यांच्यासह कातकरींचा समावेश होतो.

खैराच्या लाकडापासून कात काढणे हा या समाजाचा मूळ व्यवसाय. एकोणिसाव्या शतकात वनकायद्यांनी जंगल बंद केले, तसा तो संपला. कुलाबा जिल्ह्यात काही कुटुंबांना वनखात्याकडून ‘दळी’ जमिनी मिळाल्या. पण नाचणी-वरीच्या त्या पिकावर वर्ष निघत नसे. मग कोळसाभट्टी आणि वीटभट्टी हेच आधार उरले. मिलिंद बोकील यांनी ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ या ग्रंथात या स्थित्यंतराचा साक्षेपी विचार केला आहे. भट्टीचे चक्र ठरलेले असते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, गौरी-गणपतीचा सण तोंडावर येतो, तेव्हा मुकादमाकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर उचल फेडण्यासाठी सारे कुटुंब भट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर आला की परतते. कोळशासाठी काही कुटुंबे घाटापलीकडे, थेट कर्नाटकापर्यंत जातात.

येथे मुलाचे काय होते? बरोबर नेले तर शाळा सुटते आणि कच्च्या विटा उलटण्यास त्याचेही हात लागतात. मागे ठेवले तर वाडीत म्हातारी माणसे असतील तोवर ठीक. एरवी त्याला आश्रय लागतो. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ पासून आश्रमशाळांची योजना राबविली. जिल्ह्यातील आश्रमशाळांचे प्रशासन पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे. कागदोपत्री या निवासी शाळा होत. कातकरी कुटुंबाच्या दृष्टीने मात्र त्या वर्षातील सहा-सात महिने बालगृहाचे काम करतात. आईवडील हयात आहेत, मुलावर त्यांचे प्रेम आहे, आणि तरीही दिवाळी ते पाऊस या काळात ते मूल व्यवहारतः पोरके असते. या अवस्थेला ‘हंगामी पोरकेपण’ म्हणणे योग्य ठरेल. बालन्यायाच्या परिभाषेत तिच्यासाठी वेगळा रकाना नाही.

शाळेचे वेळापत्रक व भट्टीचे वेळापत्रक यांची सांगड बसत नाही, ही यातील मोठी अडचण. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी जातात आणि नेमकी तेव्हाच कुटुंबे भट्टीवर निघतात. त्यांच्यासोबत गेलेली मुले शाळेत परतत नाहीत. उन्हाळी सुट्टीत वसतिगृह बंद होते, तेव्हा अनेकांचे आईबाप अद्याप भट्टीवरच असतात. आश्रय मिळतो तो शैक्षणिक दिनदर्शिकेप्रमाणे. गरज असते ती भट्टीच्या दिनदर्शिकेप्रमाणे.

आश्रमशाळेतील परिचर्येचा भार स्त्री अधीक्षिका, पुरुष अधीक्षक, स्वयंपाकी व कामाठी यांच्यावर असतो. पहाटेची उठाठेव, नळावरील रांग, प्रार्थना, न्याहारी, शाळा, संध्याकाळची हजेरी, रात्रीची फेरी असा हा दिनक्रम आहे. उवा, खरूज, ताप ही दुखणी केडगावच्या काळात होती तशीच आहेत. पहिली-दुसरीतील मूल रात्री आईची आठवण काढून रडू लागले, तर त्याच्याजवळ बसावयाचे ते अधीक्षिकेने. पण एकाच वेळी तिने किती खाटांजवळ बसावे? परिणामी जे केडगावला झाले तेच येथे होते. चौथी-पाचवीतील मुलगी आपल्या धाकट्या भावंडाची, आणि भावंड नसले तर वाडीतल्या एखाद्या पोराची, आई होते. तिचे केस विंचरून देणे, ताट धुणे, आजारी असेल तर अधीक्षिकेला सांगावयास जाणे, ही कामे कोणत्याही सेवानियमांत नाहीत आणि त्यांच्याशिवाय वसतिगृह एक दिवसही चालणार नाही. राज्यातील आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा प्रश्न २०१६ मध्ये ऐरणीवर आला आणि डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यास केला. त्या चर्चेत इमारती, औषधे, वाहने यांविषयी पुष्कळ बोलले गेले. या लहान आयांविषयी फारसे बोलले गेले नाही.

रायगड जिल्ह्यातच अलिबागजवळ सोगाव येथे याच्या उलट टोकाचा प्रयोग पाहावयास मिळतो. ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे हेर्मान ग्माइनर यांनी १९४९ साली सुरू केलेल्या बालग्राम चळवळीचे हे केंद्र. स्वतंत्र घर, त्यात मोजकी मुले आणि त्यांची एक कायमची ‘आई’, ही त्याची रचना. संस्था मोठी असली तरी घर लहान ठेवावे, हे त्यातील मर्म. मात्र या आयादेखील परंपरेने एकट्या, अविवाहित वा विधवा स्त्रियांतून निवडल्या जात, हे ध्यानात घेतले म्हणजे इम्स्ट व हिंगणे यांतील अंतर वाटते तेवढे राहत नाही.

आईजवळ राहणारे मूल

मुलाला आईपासून दूर नेऊन सांभाळण्याऐवजी सांभाळाची सोय आईच्या कामापाशी नेणे, हा निराळा मार्गही महाराष्ट्रात चोखाळला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांमध्ये काम केले. तेथील पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारात होती, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच मोठी मुलगी येत असे. भावंडाची सोय झाल्यावाचून ती शिकू शकत नाही, हे ताराबाईंनी ओळखले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही याच विचारातून निघाली. नखे कापणे, आंघोळ घालणे, नाक पुसणे हे शिक्षिकेचे काम आहे की नाही, असा प्रश्न तेथे पडला नाही.

१९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. मूल भट्टीवर आईजवळ राहते आणि शाळा तेथे येते. या प्रयोगाला मर्यादा होत्या. भट्टीवरची धूळ, अपुरे पाणी व मालकाची मर्जी यांतून मुलाची सुटका होत नव्हती. तथापि निजताना त्याच्या शेजारी आई होती. रायगडमधील भट्ट्यांचे स्वरूप याहून भिन्न नाही. घाटापलीकडे विखुरलेल्या कोळसाभट्ट्यांपर्यंत अशी शाळा नेणे मात्र दुष्कर आहे, कारण तेथे एका ठिकाणी दोन-चार कुटुंबेच असतात आणि लाकूड संपताच मुक्काम हलतो.

अलीकडील काळात संस्थेऐवजी कुटुंबाला साहाय्य देणारी राज्य शासनाची बालसंगोपन योजना महत्त्वाची ठरली आहे. २०२३ मध्ये तिला ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ असे नाव मिळाले. बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या उंबरठ्याआड जे काम सावित्रीबाईंनी केले, त्याची ही उशिराची नोंद म्हणता येईल. एक पालक असलेल्या, आजारी वा निराधार कुटुंबातील मुलासाठी दरमहा रक्कम मिळते, आणि ती मिळण्यासाठी रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे खाते, मृत्यूचा दाखला अशी कागदपत्रे लागतात. गृहचौकशीही होते. परक्याच्या जमिनीवर वसलेल्या कातकरीवाडीत यांतील निम्मे कागद मुळातच नसतात. आणि चौकशी अधिकारी पौष-माघात वाडीवर आलाच, तर झोपडीचे दार बाहेरून काटकीने अडकवलेले असते. घरची माणसे जेथे असतात तो पत्ता मुकादमाखेरीज कोणाच्या वहीत नसतो.